निमा, संध्याकाळी गेलो असतो

निमा, परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यात मी भांडले. आधी मीच सांगते. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर गेलं असतं तर तू मला वर्षभर सोडलं नसतंस.

विहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजी बोलले, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावून झाल्या. तोवर मी शहाण्यासारखी गप्प बसले होते. मग आपले प्राचार्य उठले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "मॅडम म्हणजे आमच्या महाविद्यालयाची ज्ञानज्योत." ज्ञानज्योत! जिवंतपणी ह्याच माणसानं तुझ्या कामाला 'ते खूळ' याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं. पुढे म्हणाले, नव्या संगणक प्रयोगशाळेला आम्ही मॅडमचं नाव देत आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यानुमोदनात टाळ्या! माझं डोकंच सरकलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, त्या प्रयोगशाळेत तिचा प्रोग्राम चालणार का?"

"मॅडम, ही वेळ नाही."

"हीच वेळ आहे. चालणार की नाही, एवढंच सांगा."

"नव्या मशीनवर बाहेरचं काही टाकायचं नाही, असं धोरण आहे. तुम्हाला माहीत आहे."

"मग पाटीवर तिचं नाव कशाला टाकताय? तेही बाहेरचंच झालं की."

सगळा विहार माझ्याकडे बघायला लागला. अक्कानं, तुझ्या आईनं, माझा हात धरून मला खाली ओढलं. "बस माय, बस," एवढंच म्हणाली. नंतर जेवताना आपल्यातलंच कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, सुनंदा मॅडमना फार लागलंय. लागलंय म्हणे! मला लागलेलं-बिगलेलं काही नाही, निमा. मी चिडलेय. प्राचार्यांवर चिडणं सोपं होतं, ते समोर उभे होते. खरा राग तुझ्यावर आहे आणि तू फोटोत बसून हसतेयस.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लेख मागितलाय. मुद्देही लिहून दिलेत: जन्म, शिक्षण, सेवेतला प्रवेश, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! तू? ग्रंथपालाशी तुझं भांडण, कँटीनवाल्याशी भांडण, परीक्षा विभागाशी तर रोजचा गजर. मी कळवून टाकलं की मला जमणार नाही. त्याच्याऐवजी हे लिहितेय, आणि हे तुलाच लिहितेय.

तुला तो दिवस आठवतो का, तू स्टाफरूममध्ये येऊन चहाचा कप थेट माझ्या तपासायच्या पेपरांवर ठेवलास ते? मी फिजिक्सची, तू कॉम्प्युटरची. तोवर आपलं बोलणं म्हणजे 'आज उकडतंय नाही' एवढंच होतं. आणि तू विचारलंस, "सुनंदा, कण भिंतीला का लागतो गं?"

मला वाटलं, उन्हानं झालं असेल. मग तू सांगितलंस. परदेशात जमिनीखाली एक भलामोठा गोल बोगदा आहे. त्यात नळीतून कण गरगर फिरवतात आणि एकमेकांवर आदळवतात. पण फिरवण्याआधी हिशेब करावा लागतो की अमुक कण इतक्या फेऱ्या नीट मारेल की वाट सोडून नळीच्या भिंतीला लागेल. ही गणितं इतकी आहेत की त्यांची तीच मशीनं पुरत नाहीत, म्हणून ते जगभरच्या लोकांना मागतात: तुमचा कॉम्प्युटर रिकामा बसलेला असेल तेव्हा आम्हाला द्या. एक प्रोग्राम उतरवून घ्यायचा, तो तिकडून काम आणतो, गणित करतो, उत्तर परत पाठवतो. पैसा नाही, पगार नाही, हौसेचा मामला. तुझ्या लॅबमधली सगळी जुनी मशीनं प्रात्यक्षिक संपलं की नुसती बसून असायची. तू ती कामाला लावली होतीस.

मी तुला सांगितलं की कण वळवायला चुंबक लागतात, आणि कुठलंच चुंबक अगदी नेमकं नसतं. दर फेरीला केसाएवढी चूक होते, ती साठत जाते. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे माझ्या स्कूटीसारखं. हँडल जरासं डावीकडे ओढतं." वर्गात मी तोच धडा कितीदा शिकवला असेल, पण एकाही पोरानं मला असं विचारलं नव्हतं. त्या दिवशी माझे पेपर राहिले ते राहिलेच आणि आपली मैत्री झाली. कपाचा गोल डाग पडलेला पेपर घेऊन तो विद्यार्थी नंतर माझ्याकडे भांडायला आला होता.

आणि मग कूलरचं प्रकरण. ते मी कसं विसरेन! मे महिना, जळगावचं ऊन, लॅबच्या वर सरळ स्लॅब. मशीनं तापून बंद पडायला लागली. तू भंडारपालाकडून भांडून एक मोठा कूलर आणलास, वाळ्याची जाळी लावलीस आणि तोंड मशीनकडे करून सोडलास. मी दारातच म्हटलं, "अगं बाई, ओली हवा आहे ती. आणि आपलं पाणी क्षाराचं. माणसाला चालतं, मशीनला नाही." तू हातानं मला उडवून लावलंस. "घरी टीव्हीला चालतं ना?" महिनाभर तुझी ऐट काय वर्णावी. गार वाऱ्यात बसलेली मशीनं आणि घामाघूम झालेली तू.

मग एकेक मशीन मुकं व्हायला लागलं. उघडून बघितलं तर आतल्या पाट्यांवर पांढरा थर. आपल्या माठाच्या बुडाला बसतो ना, तसाच. तू एक पाटी हातात घेऊन माझ्यासमोर आलीस. चिडलीस की तुझी धुळ्याकडची अहिराणी बाहेर यायची. "तुले सांगता नही उनं का?"

मी सांगितलं होतं, निमा! दारात उभं राहून सांगितलं होतं! आणि वर मलाच ऐकवतेस?

पण तू शिकलीस, हे मान्य करायला पाहिजे. कूलर परत गेला आणि तू मशीनं कमी दमवून जास्त काम कसं निघेल याच्या मागे लागलीस. चार-चार कामं एकाच वेळी करू शकणाऱ्या मशीनवर तू दोनच ठेवलीस. मी हसले. म्हटलं, निम्मं काम देऊन जास्त कसं होईल, ही काय जादू आहे का? तू मला खुर्चीत बसवून दाखवलंस. चारही कामं लावली की मशीन तापतं, तापलं की जीव वाचवायला स्वतःच मंद होतं. वरून आतल्या तुटपुंज्या मेमरीसाठी कामं एकमेकांना ढकलतात. सगळीच रखडतात, मुदत टळते, आणि तापलेल्या मशीनची उत्तरं चुकतात ती वेगळीच. दोनच दिली तर दोन्ही वेळेत आणि बरोबर. वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात जाऊ नये म्हणून प्रोग्राम मधे मधे खूण करून ठेवतो. ती खूण तू जास्त वेळा करायला लावलीस, कारण आपली वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. भर दुपारी मशीनं बंद, पहाटे सुरू. कॉलेजच्या भंगार मशीनांनी मग अशी काही मजल मारली की त्या प्रोग्रामच्या यादीत आपण पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर गेलो.

तू काही साधीसुधी, मान खाली घालून काम करणारी बाई नव्हतीस, हे परवा कुणी बोललं नाही. तू ती यादी छापून स्टाफरूमच्या फळ्यावर लावलीस. कुणी वाचलं नाही तर त्याला दंडाला धरून वाचायला लावलंस. आणि आम्हा सगळ्यांना असोद्याला एका शेतात भरिताला नेलंस. पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेली ती हिरवी वांगी, ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. तू नाकाडोळ्यांतून पाणी काढत खात होतीस आणि पुण्याच्या नावानं खुशाल खिदळत होतीस.

त्याच शेतात आपलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, "एवढं करतेस, पण उद्या तू थांबलीस तर तिकडे कुणाला पत्ताही लागणार नाही." खोटं नव्हतं ते. त्या प्रोग्रामचा नियमच तसा आहे, तूच सांगितलेला: काम घेतलं आणि मुदतीत परत दिलं नाही, तर ते गुपचूप दुसऱ्या कुणाला तरी जातं. कुणी रागावत नाही, कुणी विचारत नाही. कुणावाचून काही अडू नये अशीच ती रचना आहे.

तू भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालीस, "दुसऱ्याला जाऊ द्यायचं होतं तर मी घेतलं कशाला?"

"अगं पण जातंच ना!"

"जात असेल. माझं जात नाही."

हे भांडण मग संपलंच नाही. कधी बसस्टँडवर, कधी परीक्षेच्या देखरेखीत, कधी धुळ्याला तुझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत, आपण तेच उकरून काढायचो. मी म्हणायची, तू नसलीस तरी चालतं. तू म्हणायचीस, चालू दे, पण मी आहे ना.

आणि भांडण मिटवायची आपली ती पद्धत! तीही त्या प्रोग्रामातूनच उचललेली. तिकडे एकच काम दोन वेगळ्या माणसांच्या मशीनना देतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानतात. नाही जुळली तर तिसऱ्याला देतात आणि ज्याचं तिसऱ्याशी जुळेल तो बरोबर. आपण स्टाफरूममध्ये तेच सुरू केलं. धुळ्याची कुठली गाडी बायपासनं जाते, रावेरचं केळं गोड की जामनेरचं, अमुक सर टोप घालतात की नाही, कशावरूनही वाजलं की दारातून पहिलं येईल त्याला पकडायचं आणि विचारायचं. तो म्हणेल ते अंतिम. कितीतरी बिचाऱ्यांना काही कळायच्या आत निकाल द्यावा लागलाय. शिपाईमामा तर आपण दोघी दिसलो की बाहेरूनच वळायचे.

तू हरलीस की काय म्हणायचीस? आठवतंय ना? तोंड फिरवून म्हणायचीस, "तिसऱ्याचंही मशीन तापलंय." एकदाही, निमा, एकदाही सरळ हार मानली नाहीस. मी इतकी चिडायची की चहा तसाच ठेवून निघून जायची, आणि मागून तुझं हसू ऐकू यायचं.

आता त्या मेच्या दिवसावर येते. येऊ नये असं वाटतंय, पण न येऊन जाते कुठे?

नव्या मशीनांची खोकी आली तेव्हाच जुन्यांचं भवितव्य ठरलं होतं. निर्लेखन समिती बसली, ठराव झाला. तू प्राचार्यांना इतकंच म्हणालीस की सुट्टी संपेपर्यंत थांबा, मशीनांवर कामं चालू आहेत, ती पूर्ण होऊन परत गेली की मीच तुम्हाला किल्ली आणून देते. ते हो म्हणाले. आणि तू पेपर तपासायला बाहेरगावी गेलीस तेवढ्यात टेम्पो बोलावून सगळी मशीनं भंगारात घातली. तुला फोनसुद्धा केला नाही. परत आलीस आणि रिकामी टेबलं बघितलीस. टेबलांवर मशीनांच्या जागी धुळीचे चौकोन राहिले होते, असं तू मला फोनवर सांगितलंस. त्यावर तू ओरडायला हवं होतंस. तू ओरडली नाहीस, तिथेच मी ओळखायला हवं होतं.

"गाडी काढ," म्हणालीस.

"कुठे?"

"भंगारच्या शेडवर. एमआयडीसीच्या पुढे. मी फोन केला, मशीनं अजून तशीच आहेत म्हणतो."

मी घड्याळ बघितलं. भर दुपार. बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"आत्ता? डोकं फिरलं का तुझं, निमा? संध्याकाळी उन्हं उतरली की येते. गाडी घेऊन येते, सगळी भरून आणू."

"संध्याकाळपर्यंत फोडतील गं ते. चार कामांची मुदत जवळ आली आहे."

"मुदत गेली तर दुसऱ्या कुणाला जातील!" मी म्हटलं. तेच. इतक्या वर्षांचं तेच वाक्य. "तुझ्यावाचून काही अडत नाही तिकडे."

तू मग म्हणालीस, "राहू दे, सुनंदा." आणि फोन ठेवलास.

राहू दे. हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. असं असतं का गं शेवटचं बोलणं? निदान शिवी तरी द्यायचीस.

तू स्कूटीवर गेलीस. डोक्याला ओढणी, तीसुद्धा धड ओली केलेली नाही. पाण्याची बाटली नाही. मशीनं भर दुपारी बंद ठेवणारी बाई, तापमान जरा वर गेलं की लॅबमध्ये धावत जाणारी बाई, पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीसारख्या उन्हात, ढिगातून आपली मशीनं ओळखून काढत बसली. तीन सापडली. ती रिक्षात घातलीस आणि स्कूटीवरून रिक्षाच्या मागे मागे घरी आलीस. निम्म्या कामाचा नियम तूच शोधलास ना? मग तो तुला का नव्हता? मशीन तापलं की स्वतःहून मंद होतं, तेवढी अक्कल त्या पत्र्याच्या डब्याला आहे. तुला नव्हती?

पुढचं मला अक्कानं सांगितलं. तू आल्या आल्या पाणीही न घेता एक मशीन जोडलंस. ते सुरू झालं तेव्हा हसलीस म्हणे. मग कपाळ धरून खाली बसलीस आणि असंबद्ध बोलायला लागलीस. अक्का तुला हात लावायला गेली तर अंग चटका बसावा असं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी आले तेव्हा तू कुणालाच ओळखत नव्हतीस. तुझ्या उशाशी बसून मी तुला इतकं बोलले, इतकं बोलले की नर्सनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं.

अक्का रडत नाही, निमा. परवाही रडली नाही. सगळे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बठ्ठा म्हनतस, मन्ही पोर हुशार व्हती. हुशार व्हती ते भर उनमा कसाले गयी?"

काय सांगू मी तिला? बोगदा सांगू? कण सांगू? ह्या वयात तिला आता धुळ्याला तुझा भाऊ घेऊन जाणार. तिच्या औषधांच्या वेळा त्याच्या बायकोला मी लिहून दिल्यात. गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते मला माहीत नव्हतं. ते तुलाच माहीत होतं. बघ, इथे अडलं. तिकडे जगभर कुठेच अडलं नसेल, पण इथे धुळ्याला जायच्या पिशवीत तेलाची बाटली कुठली टाकायची, यावर आम्ही तिघं अडून बसलो होतो.

तिकडे तुझं काम दुसऱ्याला गेलं असतं. इकडे तुझ्या जागी दुसरं कोण पाठवतात, सांग ना. काय नियम आहे त्याचा?

तुझी तिन्ही मशीनं आता माझ्या घरी आहेत. "ने माय, तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. तू जोडलेलं ते मशीन तुझ्या खोलीत तसंच चालू राहिलेलं होतं. कुणाच्या लक्षातच नव्हतं. तू दवाखान्यात पडली होतीस आणि ते आपलं दोन-दोन कामं करत बसलं होतं, निवांत, न तापता. मुदत जवळ आलेली चारही कामं त्याच मशीनवर होती, आणि चारही मुदतीत परत गेली. मी तुझ्या खात्याच्या पानावर जाऊन बघितलं. तीन कामांची उत्तरं जुळलेली होती. एका कामापुढे लिहिलं होतं की दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय.

ते एक मी रोज सकाळी बघत होते. चहाआधी. माझा नवरा म्हणाला, आता हे काय नवीन? मी त्याच्यावरही ओरडले. जगात कुठेतरी कुणीतरी होतं ज्याच्या मशीनवर तुझंच गणित चालू होतं, आणि त्याला माहीत नव्हतं की जिच्याशी त्याचं उत्तर जुळायचं आहे ती बाई जळगावात उन्हानं मेली. परवा विहारातून घरी आले आणि बघितलं, तर हिरव्या अक्षरांत 'जुळलं' असं आलं होतं. बरोबर होतं तुझं उत्तर. कण भिंतीला लागला नव्हता. तेव्हा मी रडले. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, त्या एका हिरव्या शब्दापुढे बसून रडले. आणि रडता रडताच मला असला संताप आला! ह्यासाठी? ह्यासाठी गेलीस?

बरोबर होतं म्हणून मी तुझा अभिमान बाळगू का? बाळगते. तुझ्यासारखं घेतलेलं काम पुरं करणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. तुझ्यामुळे मी माझाच विषय पुन्हा शिकले. तू नसतीस तर मी वर्षानुवर्षं तीच पिवळी टिपणं वाचून दाखवत निवृत्त झाले असते. हे तुला तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू लगेच फळ्यावर लावलं असतंस. हे सगळं खरं आहे, आणि तरी मला तुझे दोन्ही खांदे धरून तुला गदागदा हलवायचं आहे.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नव्हती. लोक काही बोलत नाहीत, पण मला कळतं. गाडी काढली असती तर. एसी गाडी, पाण्याच्या बाटल्या, ढीग उपसायला दोन माणसं. मी काढली नाही, कारण माझं म्हणणं होतं की संध्याकाळपर्यंत काही होत नाही. तुझं म्हणणं होतं की संध्याकाळपर्यंत फोडतील. दोन उत्तरं. जुळली नाहीत.

म्हणून काल मी तिसऱ्याकडे गेले. आपला नियमच आहे तो.

शेडचे मालक, गुलाबभाऊ, मला बघून उठून उभे राहिले. तुझं नाव काढल्यावर त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "ताई, मी त्यांना बोललो होतो, सावलीत बसा, पानी प्या, संध्याकाळी घरून माणूस बोलावतो, तो काढून देईल. त्या ऐकेनात. माझी मशीनं मलाच ओळखू येतात, म्हणे."

मी म्हटलं, "भाऊ, मला एकच सांगा. त्या आल्या नसत्या, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही ती फोडली असती का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चौकशीला आले आहे असंच त्यांना वाटलं असेल. मग मान हलवली.

"कुठून फोडतो, ताई? त्या उन्हात माझा एक माणूस कामावर नव्हता. सगळ्यांना सुट्टी दिली होती. आठवडाभर कुणी हात लावला नसता."

ऐकलंस? आठवडाभर. संध्याकाळी गेलो असतो, निमा. आरामात गेलो असतो. येताना उसाचा रस प्यालो असतो, तू रसवाल्याशीही भांडली असतीस. मशीनं तीन नाही, सगळी मिळाली असती. चारही कामं मुदतीत गेली असती आणि तू माझ्या शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसली असतीस.

माझं बरोबर होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढं लख्ख, एवढं साफ माझं बरोबर निघालं आणि ते घेऊन मी त्या पत्र्याच्या शेडबाहेर गाडीजवळ उभी राहिले. हे कुणाला सांगू? ज्याला सांगायचं ते माणूसच नाही. आणि त्या दिवशी मी चुकले असते, तुझं मूर्खासारखं ऐकून गाडी काढली असती, तर तू आज असतीस. बरोबर असून मला हे मिळालं. नको मला ते. घे तुझं तू.

घरी आले. मशीनं सुरू केली. दोन-दोन कामं, जास्त नाही. खातं तुझंच ठेवलंय, यादीत नाव तुझंच राहील. पुण्याच्या वर ठेवायचा प्रयत्न करेन, तीन मशीनांत जमेल तेवढं. दुपारी बंद, पहाटे सुरू. कूलर माझ्याकडे तोंड करून लावलाय.

आणि आता बोल. तिसऱ्याचं उत्तर आलंय. माझ्याशी जुळलंय. तू हरलीस, निमा, सपशेल हरलीस. तोंड फिरव. म्हण ना. तिसऱ्याचंही मशीन तापलंय म्हण. मी चहा ठेवून उठून जात नाही. इथेच बसलेय. म्हण.